पाणी मारुतीच्या कमरेपर्यंत आलं, विजू

विजू,

आज सकाळी पाणी मारुतीच्या कमरेपर्यंत आलं आणि मी तुला फोन लावायला घेतला. तुझं नाव काढलं, बोट ठेवणार, तेवढ्यात आठवलं. मग फोन पदराला पुसला आणि ओट्यावर ठेवून दिला. पुसण्यासारखं त्याला काही लागलेलं नव्हतं.

दरवर्षी तूच करायचीस ना फोन. इकडे पाऊस लागला, गंगापूर धरणातून पाणी सोडलं, की तिकडे अंदमानात बसून तुला आमच्या आधी खबर. "मंदे, मारुतीच्या कुठपर्यंत आलं गं?" कशी आहेस नाही, काय चाललंय नाही, थेट मारुती. सगळं जग पुराचं पाणी फुटात मोजतं आणि आपण नाशिककर मोजतो गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर. घोटे बुडाले की गाव खूश, कंबर बुडाली की सराफ बाजारवाले माल वर चढवायला लागतात, गळ्याशी आलं की आख्खं गाव पुलावर. मी सांगायचे गुडघ्यापर्यंत, तू म्हणायचीस, "एवढंच?" जसं काही मीच हात आखडता घेतला होता.

तुला जाऊन आठवडा झाला असेल. मी अजून रडलेले नाही. हे कौतुकानं सांगत नाही आणि लाजूनही नाही, आहे ते सांगते. निखिलचा फोन आला तेव्हा मी हार ओवत बसले होते. श्रावणी सोमवारची ऑर्डर, झेंडू सगळा ओला, दोरा सारखा गुंतत होता. निखिल म्हणाला, "मावशी, आई गेली." मी विचारलं, "कुठं?" खरंच असं विचारलं गं. मला वाटलं, पुन्हा कुणी पाहुणे आले असतील आणि त्यांना घेऊन तू कुठल्या तरी बेटावर गेली असशील.  मग निखिल म्हणाला, सकाळी अंगणातली पानं झाडत होती, झाडू हातात धरूनच खाली बसली, आणि मी बाहेर येईपर्यंत संपलं होतं.

फोन ठेवला आणि मी उरलेले हार पुरे केले. एकाही हाराची गाठ चुकली नाही. आमचे हे दारात उभे राहून बघत होते, मग म्हणाले, "दोरा संपला का? आणू का?" मी म्हटलं आणा. ते भर पावसात छत्री न घेता दोरा आणायला गेले.

दुपारी शैला आली ती गळ्यात पडूनच. आपली शैला कशी रडते तुला माहीत आहे, शाळेत बाईंनी दुसऱ्याला मारलं तरी ही रडायची, पुढे स्वतः बाई झाली आणि पोरांना मारून रडायची. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तिला चहा करून दिला, तिच्या चहात साखर घालायची नाही हेही माझ्या बरोब्बर लक्षात राहिलं. ती म्हणाली, "मंदे, तू दगड झालीस की काय?" असेन बाई. मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, फक्त आत काही पोचत नव्हतं. तिकडे यायचं म्हणजे मुंबई, मग चेन्नई, मग तुमचं ते बेट. तोवर तिकडचं सगळं उरकलं होतं.

तिसऱ्या दिवशी निखिलचा पुन्हा फोन. "मावशी, अस्थी घेऊन नाशिकला येतो. रामकुंडावर करू. तुम्ही गुरुजींशी बोलाल का? मला तिथलं काही कळत नाही." कुठून कळणार, पोर इंजिनिअर होऊन बोटींवर गेलं ते गेलंच. मी म्हटलं, तू ये फक्त, बाकी सगळं माझ्यावर सोड.

आणि विजू, मला आनंद झाला. आता तुझ्याशी काय खोटं बोलायचं? त्या दोन दिवसांत पहिल्यांदा अंगात काहीतरी हललं. मी उठले, निखिलसाठी वरची खोली झाडली, गाद्या खाली आणून पंख्याखाली टाकल्या, गुरुजींना फोन केला. अस्थी घरात आणत नाहीत, बाहेर झाडाला बांधून ठेवतात, म्हणून मळ्यात जाऊन झाडही बघून आले. मळा म्हणजे काय उरलाय, इकडे टॉवर, तिकडे टॉवर, मधे आमचा एवढासा झेंडू. पण आपली चिंच आहे अजून. जिच्यावर चढून तू खाली उतरेनाशी झालीस आणि तुझ्या आईनं मेथीच्या जुड्या टाकून धावत येऊन तुला खालूनच बदडायची धमकी दिली होती, ती. तिची खालची फांदी मी हातानं दाबून बघितली. चांगली मजबूत होती. मनात म्हटलं, इथं बांधू, उतरायला सोपं पडेल हिला.

घरी येऊन पाय धुतले आणि मग मला अंदमानातला तो राधानगरचा किनारा आठवला.

तो आठवायला नको होता, विजू.

परवाच्या जानेवारीत आलो होतो आम्ही तिघं, मी, हे आणि शैला. विमानतळावर तू उभी. डोक्यावर गवताची टोपी, डोळ्यांवर गॉगल, आणि अंगात तो फुलाफुलांचा झगा! शैला माझ्या कानात म्हणाली, "अगं, ही विजूच आहे ना?" एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या क्वार्टरमधून भाजीला जायचं तरी साडीच्या निऱ्या तीनदा नीट करणारी बाई. तुझे प्रकाशराव गेल्यावर नाशिकरोडच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसून राहायचीस. निखिल तुला घेऊन गेला तेव्हा मी सगळ्यांना छातीठोक सांगितलं होतं, पावसाळ्याच्या आत परत येते बघा, हिला सराफ बाजाराच्या पलीकडे करमत नाही. आणि तू हात हलवत आलीस आणि पहिलं वाक्य काय, तर "चला लवकर, आमच्याकडे पाच वाजता अंधार पडतो."

आमच्याकडे! 

तुझ्या स्वयंपाकघरात आम्ही बॅगा उघडल्या तेव्हा तू किती हसलीस. बाजरीचं पीठ, काळा मसाला, चिवडा, मनुका, हे ठीक. पण आमच्या ह्यांनी हट्टानं दहा किलो कांदा आणला होता. चेन्नईच्या विमानतळावर तपासणीच्या पोरीनं बॅग उघडायला लावली, आम्हाला बाजूला घेतलं, ह्यांनी तिला मराठीतून समजावलं की बेटावर काय मिळणार बिचारीला. तू काही न बोलता तुझी टोपली पुढं केलीस. तिच्यात कांदे. "भाऊजी, आमच्याकडे कांदा नाशिकचाच येतो. बोटीनं." हे खुर्चीवर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत.

मग तू आम्हाला फिरवलंस. फिरवलंस कसलं, पळवलंस. रॉस बेटावर पडक्या साहेबी इमारतींना झाडांच्या मुळ्यांनी विळखे घातलेले, आणि मधून हरणं फिरताहेत, आपल्याकडे गाई फिरतात तशी. एक हरीण शैलाच्या पिशवीत तोंड घालून चिवडा खाऊ लागलं आणि ही "अगं शुक, शुक" करत तुझ्यामागे लपली. चिडिया टापूला सूर्य बुडताना बघायला नेलंस. सेल्युलर जेलमध्ये मात्र तू बाहेर बाकावर बसून राहिलीस, म्हणालीस, मी पाहुण्यांना घेऊन इतक्यांदा आत गेलेय, आता माझ्याच्यानं ती दारं बघवत नाहीत, तुम्ही जाऊन या. काचेच्या तळाच्या बोटीत खाली रंगीत मासे दिसत होते आणि तू प्रत्येकाचं नाव सांगत होतीस. नावं खरी होती की ठोकून देत होतीस, देव जाणे. हे म्हणाले, "विजूताई, तो निळा कोणता?" तू म्हणालीस, "तो आमचा शेजारी." बोटवाला बंगाली, तोही हसला. त्याला तू कोण, कुणाची, काही ठाऊक नव्हतं, पण तुझ्याशी बोलताना त्याचा चेहरा उजळायचा.

आणि मी मात्र मोजत होते. किती वेळा आमच्याकडे म्हणतेस ते. आमच्याकडे शहाळं असं कापतात. आमच्याकडे भरतीला पोहत नाहीत. आमच्याकडे माशाला नुसतं मीठ-लिंबू लावतात. एकदा न राहवून मी म्हटलंच, "विजे, आमच्याकडे म्हणजे मखमलाबादचा मळा. हे तुझ्या लेकाचं नोकरीचं गाव आहे." तू गॉगल वर सरकवून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "भूक लागलीय का तुला?" कारण मला भूक लागली की मी भांडते हे तुला पाचवीपासून माहीत.

राधानगरला आपण बोटीनं, दुपार कलल्यावर पोचलो. पांढरी वाळू, मागे उंचच उंच झाडं, आणि समोर ते पाणी. मी समुद्र पहिल्यांदा बघत नव्हते, अलिबागला गेलो होतो ना आपण, पण असला नव्हता बघितला. तिथं लोक तोकड्या कपड्यांत फोटो काढत होते आणि मी पिशवीतून खण-नारळ काढला. पाणी दिसलं की ओटी भरायची, आपली गंगा-गोदावरी असो नाहीतर कालवा, माझ्या आईनं लावलेलं वळण. साडी खोचून गुडघाभर पाण्यात गेले, हळद-कुंकू वाहिलं, नारळ सोडला. लाट आली आणि नारळ माझ्या पायाशी आणून टाकला. मी पुन्हा सोडला, जरा पुढं जाऊन. पुन्हा आणून टाकला. मग हे आले, बाह्या वर करून, चेंडू फेकावा तसा फेकला त्यांनी. आम्ही तिघंही कमरेवर हात ठेवून बघत उभे. तो डुलत डुलत, अगदी सावकाश, परत आला आणि शैलाच्या मोज्यांवर बसला. शैला पायात मोजे घालून वाळूत उभी होती ना, खेकडे चावतील म्हणून.

तू वाळूत आडवी पडून हसत होतीस. तुझी टोपी उडून गेली तरी तुला शुद्ध नव्हती. "अगं मंदे, तो घेत नाहीये गं! गंगेत टाकलं की वाहून जातं, समुद्र परत देतो! त्याच्याकडे ठेवायला जागाच नाही!" खणसुद्धा परत आला, तो तू पिळून डोक्याला बांधलास. नारळ तुझ्या घरी फोडला आणि त्याची लसूण घालून चटणी केली. देवाला दिलेलं समुद्रानं परत केलेलं, ते प्रसादच असं तुझं शास्त्र.

पण चटणीच्या आधी ते बोलणं झालं.

सूर्य खाली आला होता. हे आणि शैला टोपी शोधायला गेले होते. तू म्हणालीस, थांब, तुला गंमत दाखवते, आणि झग्यासकट पाण्यात शिरलीस आणि उताणी पडलीस. लाटांच्या पलीकडे, जिथं पाणी नुसतं खालीवर होतं, तिथं. हातपाय काही हलवत नव्हतीस. लहानपणी पोरं रामकुंडात धडाधड उड्या मारायची आणि आपण दोघी पायरीवर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो. मुलींनी पाण्यात जायचं नाही. ते सगळं मला तिथं दिसलं. मी काठावरून ओरडत होते, "विजे, बाहेर ये, बुडशील मेले!" तू आलीस, केस निथळत, माझ्या शेजारी बसलीस आणि म्हणालीस, "काही करायचं नसतं मंदे. आपण नुसतं पडायचं. पाणी धरतं."

मग, सहज, दुधाचा रतीब बंद कर म्हणावं तसं म्हणालीस, "माझं झालं ना, की इथंच सोडा मला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "देशभरातली माणसं रामकुंडावर अस्थी घेऊन येतात! रांगा लावतात! आणि तू रामकुंडाच्या काठावर वाढलेली, तू इथं? ह्या खाऱ्या पाण्यात? ओळख ना पाळख!"

"ओळख कशी नाही? आपलीच तर आहे. गंगा कुठं येते शेवटी? उपसागरात. हा काय आहे? उपसागर. त्र्यंबकला उगवली, पश्चिमेचा समुद्र हाकेवर, पण बाई पाठ फिरवून निघाली ती आख्खा देश तुडवून इकडे आली. मीही आले. तू रामकुंडात टाकलंस तरी मी इथंच येणार. मग धरणाधरणांतून धक्के खात कशाला यायचं, थेट इथंच काय वाईट?"

तेवढ्यात हे आले टोपी घेऊन, आणि पाटबंधारे खात्यात जन्म काढलेला माणूस, गप्प कसा बसेल! "विजूताई, चुकताय. नाशिकचा थेंब इथं येत नाही. नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याला अडतो, कालव्यात जातो. उरला तर जायकवाडीत. पैठणच्या खाली आपलं काही जात नाही, आणि त्याच्यावरूनही किती भांडणं."

"आणि पुरात?"

हे म्हणाले, "पुरात… जायकवाडी भरलं असेल तर सोडावं लागतं खाली."

"मग झालं तर!" तू म्हणालीस, आणि माझ्याकडे असं बघितलंस जसा काही खटला जिंकलीस. मी म्हटलं, जिंकली-बिंकली काही नाहीस, तुझं रामकुंडावरच होणार, मी करणार, मी जिवंत आहे अजून. तू म्हणालीस, "बघू." मग परतीच्या बोटीची वेळ झाली. पुढं फोनवर कितीदा हा विषय निघाला, दर वेळी मी रामकुंड म्हणायचे, तू बघू म्हणायचीस, आणि मग आपण भाज्यांच्या भावावर यायचो. जूनमध्येही तेच. तू म्हणालीस, दिवाळीला येते, चिंच बघायची आहे, तेव्हा समोरासमोर भांडू. मी म्हटलं, ये तर खरी.

आता तू अशी येणार होतीस.

पाय धुऊन मी तशीच मोरीच्या उंबऱ्यावर बसून राहिले. ह्यांना सांगितलं. त्यांनाही आठवत होतं, पण त्यांनी तोंडातून काढलं नव्हतं. शैला तिथंच होती. ती म्हणाली, "हे बघ, माणूस गप्पांत शंभर गोष्टी बोलतं. निखिलला रामकुंड हवंय, तुला हवंय, मला हवंय. कोण विचारतंय? आणि इकडे असली म्हणजे निदान गंगेवर गेलं की वाटेल तरी, आहे इथं." ती बोलली ते माझ्याच मनातलं होतं, शब्दन् शब्द. त्या जानेवारीपासून तू आमच्याकडे म्हणत राहिलीस आणि मी ऐकत राहिले. एकदा, शेवटचं का होईना, तू आमच्याकडे यायला हवी होतीस. मला हवी होतीस तू. बाकी धर्म, शास्त्र, रामकुंड, सगळं त्याच्यावरचं पांघरूण.

पण तू पाण्यावर पडलेली दिसायचीस गं. जन्मभर कुणाची तरी सून, कुणाची बायको, कुणाची आई, क्वार्टर नंबर अमुकमधल्या वहिनी, आणि साठीत पहिल्यांदा काही न करता नुसती पडलेली. तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी नाशिकात कधी बघितलं नव्हतं. आणि ते बघितलेली मी एकटीच. हे टोपी शोधत होते.

दुसऱ्या दिवशी मी निखिलला फोन केला. तिकीट काढलं होतं त्यानं. मी म्हटलं, "बाळा, तुझ्या आईला समुद्रात जायचं होतं. राधानगरला. मला स्वतः म्हणाली होती. मला ते मान्य नव्हतं, आजही नाही. पण तिचं म्हणणं तसं होतं."

 मला वाटलं फोन कट झाला, तुमच्याकडे सारखा होतो तसा.

मग तो म्हणाला, "मावशी, मला माहीत होतं."

मी म्हटलं, मग तिकीट का काढलंस रे?

"आई म्हणाली होती, मला समुद्रात आवडेल, पण आधी मंदाला विचार. नुसतं विचारू नकोस, नाशिकला घेऊन येतो म्हण, आणि बघ ती काय म्हणते. ती ये म्हणाली तर मुकाट्यानं मला तिच्याकडे ने. तिला मी तिथं हवी असेन तर मी तिथं. पण ती स्वतःहून समुद्र म्हणाली, तरच समुद्रात."

मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. तोंड धुतलं म्हणजे रडले नाही, पाणीच होतं ते.

काय बाई आहेस गं तू! आयुष्यभर माझ्याशी भांडलीस, एक इंच मागे हटली नाहीस, आणि शेवटी माझ्याच हातात सगळं देऊन ठेवलंस. मी नुसती गप्प बसले असते तरी जिंकले असते. तुला माहीत होतं मी गप्प बसणार नाही. की नव्हतं माहीत? की दोन्ही चाललं असतं तुला? हे विचारायला आता मी कुणाला फोन लावू? मला तुझा राग आलाय, विजू. आणि तुझ्याइतका मान मला कुणी दिला नाही, माझ्या सख्ख्या माणसांनीही नाही. ह्या दोन्हींचं काय करायचं ते कळत नाही, म्हणून मी हार ओवते.

आज सकाळी निखिलनं सोडलं तुला. समुद्र खवळलेला होता म्हणे, पण त्याच्या ओळखीचे बोटवाले होते, त्यांनी जरा निवांत वेळ बघून नेलं. निळ्या माशावरून हसलेला तो बंगाली बोटवालाही होता. निखिलनं विचारलं, मावशी, व्हिडिओ कॉल लावू का? मी नको म्हटलं. मला ते छोट्या काचेत बघायचं नव्हतं.

त्याच वेळी ह्यांचा फोन वाजला. खात्यातले जुने मित्र, पूर आला की एकमेकांना फोन करत बसतात, जावयाच्या तब्येतीची चौकशी करावी तशी धरणांची करतात. हे ऐकत होते, हो हो म्हणत होते. मग फोन ठेवून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "गंगापूरचे दरवाजे उघडे आहेत. नांदूरमध्यमेश्वरचेही. जायकवाडी भरलंय, तिथूनही सोडलंय खाली."  ते पुन्हा म्हणाले, "मंदा, आज वाटेत अडवणारं कुणी नाही." बेचव माणूस म्हणते ना मी त्यांना सगळ्यांसमोर, इथून पुढं नाही म्हणणार.

मी झेंडूचा एक हार घेतला, स्वतः ओवलेला, नुसत्या सुती दोऱ्याचा. निर्माल्य नदीत टाकणाऱ्यांच्या अंगावर जन्मभर ओरडत आलेली मी, आज पदराखाली लपवून नेलं. आणि एक नारळ. होळकर पुलावर ही गर्दी, पोरं खांद्यावर घेऊन लोक पूर दाखवत होते, भेळवालाही होता. मारुतीच्या कमरेला पाणी भिडलेलं, तपकिरी, फेस आलेलं, जोरात. तू विचारलंस म्हणून सांगते, नीट कमरेपर्यंत. एवढंच म्हणू नकोस.

हार टाकला, मग नारळ टाकला. पोलिसानं शिट्टी मारली, "ओ मावशी, मागे व्हा, कठड्याला टेकू नका!" मी मागे झाले, पण बघत राहिले. नारळ एकदा बुडाला, वर आला, मारुतीच्या डाव्या अंगानं गेला, पलीकडच्या पुलाकडे निघाला. शैला म्हणाली, चल आता, भिजशील. मी म्हटलं, थांब जरा. मी खूप वेळ तिथंच उभी होते, पाण्याकडे डोळे लावून.

या वेळी तो परत आला नाही, विजू. तुमच्याकडे पोचला की चटणी कर.

तुझी,
मंदा